अंकीय प्रतिमांचे परिभ्रमण : जुन्या कागदपत्रांच्या छायाचित्रांसंबंधी काही विचार

जालना शहराचा जुना जालना हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. अशा ठिकाणच्या दप्तरांत डावीकडून उजवीकडे जाणारी मोडी आणि उजवीकडून डावीकडे जाणारी फारसी वा उर्दू, अशी दोन्ही लेखने संभवतात. या कागदांची छायाचित्रे घेतली असता काही पाने आडवी, तर काही उलटी दिसतात. हा दोष कोठून येतो आणि मूळ प्रतिमेस धक्का न लावता तो कसा दूर करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कॅमेऱ्यातील संवेदक गुरुत्वाकर्षणावरून वरची बाजू ठरवितो. परंतु कागद मेजावर ठेवून कॅमेरा सरळ खाली रोखला, म्हणजे ती दिशा भिंगाच्या अक्षाशी एकरूप होते व निर्णयास आधार उरत नाही. शिवाय कॅमेरा बहुधा चित्रबिंदू फिरवीत नाही. तो 'एक्झिफ' नोंदीत १ ते ८ पैकी एक अंक लिहून ठेवतो. ६ म्हणजे दाखविताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवावे, ३ म्हणजे १८० अंश. ही नोंद काही प्रणाली पाळतात, काही पाळीत नाहीत. म्हणून एकच प्रतिमा एका ठिकाणी सरळ तर दुसरीकडे आडवी दिसते.

शेकडो पाने असता आज्ञा टंकून चालविण्याचे साधन सोयीचे पडते. 'इमेजमॅजिक'मधील 'ऑटो-ओरिएंट' ही आज्ञा नोंद वाचून चित्रबिंदू फिरविते. नोंदच चुकीची असेल, तर अभ्यासकाने लिपी पाहून कोन स्वतः द्यावा. मात्र जेपेग प्रतिमा अशा रीतीने पुन्हा साठविताना तिचे संक्षेपण नव्याने होते व काही तपशील गळतो.

'जेपेगट्रॅन' हे साधन ही हानी टाळते. जेपेग प्रतिमा ८ × ८ बिंदूंच्या चौकटींत साठविलेली असते. ९० अंशांच्या परिभ्रमणात चौकटींच्या जागा बदलतात आणि प्रत्येकीतील गुणकांची अदलाबदल व काहींचा चिन्हबदल होतो. नव्याने संक्षेपण करावे लागत नाही. रंगांच्या साठवणीनुसार ८ किंवा १६ बिंदूंचे पूर्ण गट न बसल्यास कडेची पट्टी मात्र अडते. 'परफेक्ट' हा पर्याय दिल्यास साधन अशा वेळी काम नाकारते. मूळ नोंदी राखण्यासाठी 'कॉपी ऑल' हा पर्याय द्यावा, आणि दिशेचा अंक १ झाला की नाही हे तपासावे. अन्यथा सरळ केलेले पान पाहताना पुन्हा फिरते.

दोन-तीन अंशांचा तिरकेपणा काढणे ही निराळी बाब होय. तेथे नवे बिंदू जुन्यांच्या मधोमध पडतात, त्यांची मूल्ये अंदाजाने भरावी लागतात आणि मोडीची बारीक रेघ पुसट होते. यास्तव असा बदल वाचनप्रतीपुरताच करावा.

इमेजमॅजिकमधील 'मोग्रिफाय' ही आज्ञा, वेगळी सूचना नसल्यास, मूळ प्रतिमेवरच लिहिते. जीर्ण कागद दुसऱ्यांदा उलगडता येईलच असे नाही; तेव्हा मूळ संच अस्पर्शित ठेवून सर्व प्रयोग प्रतीवर करणे, हीच यातील पहिली शिस्त होय.