नियम सांभाळून ट्रायथलॉनची तयारी

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ पूर्ण करण्याच्या स्पर्धेस ट्रायथलॉन म्हणतात. १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे या नावाची स्पर्धा भरली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा झाली, तेव्हा महाराष्ट्रातील हौशी खेळाडूंना ही वाट घराजवळची वाटू लागली. आज व्यापारी कुटुंबांतील तरुण आणि चाळिशी ओलांडलेले गृहस्थही या खेळाकडे वळत आहेत.

ट्रायथलॉन म्हटले की साडेतीन-चार किलोमीटर पोहणे आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन असे चित्र डोळ्यांसमोर येते. तो या खेळाच्या दीर्घ प्रकारांपैकी एक होय. नवोदितांसाठी ‘स्प्रिंट’ हा प्रकार आहे : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ज्याला पोहता येते आणि अर्धा तास सावकाश धावता येते, त्याला आठवड्यास पाच-सहा तास देऊन तीन-चार महिन्यांत याची तयारी साधू शकते. ऑलिंपिकचे अंतर याच्या बरोबर दुप्पट असते.

हौशी खेळाडूची खरी परीक्षा वेळेची असते. दुकान दहाला उघडते, रात्री नऊला बंद होते. बहुतेक दुकानदार त्यानंतर व्यायामशाळा गाठतात. परंतु ज्या घरात चौविहार पाळला जातो, तेथे ही वेळ सर्वांत अयोग्य ठरते. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. अशा वेळी घाम गाळला, तर त्याची भरपाई थेट दुसऱ्या दिवशी होणार.

हा काळ किती असतो, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत जानेवारीच्या प्रारंभी सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो आणि सव्वासातच्या आसपास उगवतो. नवकारशीची ४८ मिनिटे धरली, तर जवळजवळ चौदा तास पाण्याविना जातात. जूनअखेरीस हाच काळ साडेअकरा तासांवर येतो. म्हणजे हिवाळ्यात हवा सुखद, पण निर्जल काळ दीर्घ. उन्हाळ्यात काळ अल्प, पण उष्मा तीव्र. तयारीचे वेळापत्रक आखताना हा हिशेब प्रथम मांडावा लागतो.

रात्रभराच्या उपवासाने निरोगी माणसाचा हलका व्यायाम अडत नाही. स्नायू व यकृत यांत साठविलेली साखर दीड-दोन तासांच्या श्रमास साधारणतः पुरते. खरी चिंता पाण्याची आहे. शरीरातील पाणी घटले की रक्त दाट होते, हृदयाचे ठोके वाढतात, उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते. म्हणून पहाटे पाण्याविना करावयाचा व्यायाम अर्ध्या-पाऊण तासाचा आणि संथ असावा. पोहण्याच्या तंत्राचा सराव त्यास उत्तम. वेगाचा किंवा दमछाक करणारा सराव नवकारशी पारून, पाणी व अल्पसा आहार घेऊन, दुकान उघडण्यापूर्वी करावा. सायकलीवरून उतरून लगेच धावण्याचा सराव अत्यावश्यक असतो, कारण त्या क्षणी पाय जड पडतात आणि ती सवय शरीरास लावावी लागते. हा दीर्घ सराव साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी ठेवावा. जे तिविहार करतात त्यांना रात्री पाणी चालते. त्यांची अडचण बरीच हलकी होते.

आहाराच्या बाबतीत घरचे स्वयंपाकघर कमी पडत नाही. कंदमुळे वर्ज्य असली तरी भात, पोहे, नाचणी, कच्ची केळी यांतून पुरेशी शक्ती मिळते. मूग, हरभरा, दूध, दही, पनीर यांतून प्रथिने येतात. मात्र ती प्रत्येक जेवणात जाणीवपूर्वक घ्यावी लागतात, कारण सायंकाळचे जेवण लवकर आटोपल्यावर राहिलेली तूट भरून काढण्यास संधी नसते. ते जेवण घाईच्या फराळावर न भागवता डबा दुकानावर मागवावा. तासाहून अधिक चालणाऱ्या श्रमात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, गूळ, राजगिऱ्याचा लाडू हेही उपयोगी. बाजारातील तयार जेल आणि च्युइंगमध्ये मध किंवा जिलेटिन असू शकते, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय ते घेऊ नयेत. शाकाहारी व्यक्तीने ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ आणि लोह यांची तपासणी करून घेणे हिताचे.

पर्युषण, दशलक्षण वा अन्य पर्वांतील उपवासाच्या दिवशी सराव करू नये. उपवास आणि कठोर व्यायाम एकत्र करण्यात तपाचाही सन्मान नाही आणि खेळाचाही. आठ दिवसांच्या विश्रांतीने महिन्यांची कमाई वाया जात नाही. अठ्ठाईनंतर मात्र पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या अंतरास हात घालणे धोक्याचे आहे. स्पर्धा ठरवितानाच पर्वांच्या तिथी पाहाव्यात. स्पर्धेच्या दिवशी कोणते पच्चक्खाण घ्यावे, याचा विचार गुरुमहाराजांशी आणि वैद्यांशी आधीच करावा. काठावर उभे राहून तो निर्णय होत नाही. नियम मोडावयाचा नसेल, तर अंतर कमी निवडण्यात कमीपणा कसला?

सुरक्षिततेत तडजोड नको. चाळिशीनंतर सराव सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करावी. तलावात भिंत नसते, तळ दिसत नाही आणि दिशा चुकते. म्हणून तलावात किंवा समुद्रात एकट्याने कधीही उतरू नये. हेल्मेटविना सायकलीवर बसू नये. आठवड्याचे अंतर एकदम न वाढविता दहाव्या हिश्श्याच्या आसपास वाढवावे आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा.

या सर्व तासांची किंमत कोणीतरी मोजत असते. सुट्टीची सकाळ सायकलीवर गेली, तर वडीलधाऱ्यांना मंदिरात कोण नेणार, मुलांना कोण वेळ देणार, पेढीचे कुलूप कोणत्या भावाने उघडावयाचे, हे प्रश्न घरात आधी मोकळेपणाने बोलले जावेत. पत्नीलाही तिच्या व्यायामासाठी तितकाच वेळ मिळतो का, हेही त्यात यावे. पदक एकाच्या गळ्यात पडते. परंतु त्याच्या वाट्याचे काम ज्यांनी उचलले, त्यांना त्या दिवशी मिरामारच्या किनाऱ्यावर सोबत नेणे हे तयारीतील शेवटचे आणि न चुकविण्याचे काम आहे.