ऐकले पुष्कळ, आता बोलूया! आपल्या शहराच्या रेडिओची कहाणी

रेडिओ हा कष्टकरी माणसाचा जुना सोबती आहे. वर्तमानपत्र वाचायला अक्षरओळख लागते, टीव्ही बघायचा तर हातातले काम टाकून समोर बसावे लागते. रेडिओचे तसे नाही. भाकरी थापता थापता, शिलाईचे मशीन चालवता चालवता, रात्रपाळीहून आल्यावर अंग टेकून तो ऐकता येतो. म्हणूनच भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये ज्या घरात दुसरी काही चैन नव्हती, त्या घरातही फळीवर एक ट्रान्झिस्टर असे. एक काळ असा होता, की रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावे लागे आणि दरवर्षी त्याची फी भरावी लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. पण त्या काळातही पोटाला चिमटा काढून माणसे रेडिओ घेत.

इतकी वर्षे आपण ऐकले. आता एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्या पेटीतून बोलणारे कोण होते? त्यांत आपले किती? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्या शहराच्या रेडिओचा इतिहास माहीत हवा.

निजामाच्या राज्यातला रेडिओ

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, हे निजामाच्या हैदराबाद राज्यातले मोठे शहर. हैदराबादेत १९३५ साली २०० वॅटचे एक लहानसे खासगी प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. निजाम सरकारने ते लवकरच आपल्या ताब्यात घेतले. हाच 'दक्कन रेडिओ'. पुढे औरंगाबादलाही निजाम सरकारचे केंद्र झाले. आज अनेकांना नवल वाटेल, पण १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या ताब्यात रेडिओची पाचच केंद्रे होती : म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि आपले औरंगाबाद! ब्रिटिश हिंदुस्थानातून भारताच्या वाट्याला आलेली केंद्रे होती सहा.

राज्यातली बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, सरकारची भाषा मात्र उर्दू. रेडिओ कोणाचा, तर दरबाराचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजांपुढे निजामाने हार मानली, तेही रयतेला रेडिओवरूनच कळले. जो मायक्रोफोन काल राजाचा हुकूम सांगत होता, त्यावरूनच राजाला शरणागती सांगावी लागली. यंत्र तेच असते. ते कोणाच्या हाती आहे, यावर सगळे अवलंबून असते.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओने घेतली. त्याच वर्षी जून महिन्यात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय या शहरात सुरू झाले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. मात्र औरंगाबादचे ते जुने रेडिओ केंद्र फार काळ टिकले नाही. ते बंद झाले आणि मराठवाड्याच्या या राजधानीला कित्येक वर्षे स्वतःचा आवाज उरला नाही. १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणी केंद्र झाले आणि १९७० च्या दशकात औरंगाबादला पुन्हा केंद्र मिळाले. जालना रोडवरच्या त्या चौकाला लोक आज 'आकाशवाणी चौक' म्हणूनच ओळखतात.

बाबासाहेब मायक्रोफोनपुढे

रेडिओचे सामर्थ्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर ओळखले होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी मुंबईच्या रेडिओ केंद्रावरून त्यांनी भाषण केले. महायुद्धात हिंदी कामगार कोणत्या बाजूला आणि का उभा आहे, हा त्याचा विषय. कामगाराला नुसती परक्याच्या राज्यातून सुटका नको आहे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभारलेली व्यवस्था त्याला हवी आहे, असे त्यांनी त्यात मांडले.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी ते पुन्हा आकाशवाणीवर बोलले. विषय होता त्यांचे स्वतःचे जीवनतत्त्वज्ञान. ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, हे त्यांनी त्या दिवशी साऱ्या देशाला ऐकवले. नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा व्हायला तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता! पुढे १२ मे १९५६ रोजी लंडनच्या बी.बी.सी. रेडिओवरून त्यांचे भाषण झाले. आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो आणि आजच्या जगाला त्याचा काय उपयोग, हे त्यांनी सांगितले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र देणारा दुसरा धर्म नाही, हा त्याचा गाभा.

लक्षात घ्या, ही भाषणे लहान होती. सभेत तासन् तास बोलणारा हा महापुरुष रेडिओपुढे बसला, की मोजक्या वाक्यांत आयुष्यभराचे चिंतन सांगे. ज्या घरात कोणी कधी पुस्तक नेले नाही, ज्या घरात आपल्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्या घरातही त्यांचा आवाज शिरू शकत होता. आवाजाला विटाळ होत नाही!

आवाज घरापर्यंत कसा येतो?

मुलामुलींनी हे समजून घ्यावे. आकाशवाणीच्या स्टुडिओत शिरताना जाड दारे लागतात, कारण बाहेरचा आवाज आत येता कामा नये. भिंतींना सच्छिद्र फळ्या असतात. त्या आवाज शोषून घेतात, म्हणून घुमत नाही. काचेपलीकडे नियंत्रण कक्ष असतो. लाल दिवा लागला, की समजायचे, आता श्वाससुद्धा ऐकू जाईल. मायक्रोफोन आवाजाचे विजेत रूपांतर करतो, ती वीज प्रक्षेपण केंद्राकडे जाते आणि तिथल्या उंच मनोऱ्यावरून लहरींच्या रूपाने हवेत सोडली जाते.

जुनी केंद्रे मध्यमलहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर चालत. या लहरी रात्री आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत येतात, म्हणून रात्री दूरदूरची केंद्रे लागत. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. त्यांचा आवाज स्वच्छ असतो, पण पल्ला कमी. देशात आता मध्यमलहरींची कितीतरी प्रक्षेपणे बंद झाली आहेत. आपले शहराचे आकाशवाणी केंद्र १०१.७ मेगाहर्ट्झ या एफएम वाहिनीवर ऐकू येते आणि मोबाइलवरही लागते. मराठवाड्याच्या प्रादेशिक बातम्या इथूनच निघतात.

आकाशवाणीवर बोलण्याचे नियमही ठरलेले आहेत. भाषण आधी लिहून द्यावे लागते. पक्षाचे नाव घेऊन टीका चालत नाही, कोणत्याही धर्मावर वा समाजावर हल्ला चालत नाही, हिंसेला चिथावणी चालत नाही. हे योग्यच आहे. परंतु सरकारी रेडिओत सरकारचा सूर मोठा आणि गाऱ्हाणे करणाऱ्याचा सूर लहान, असा अनुभव सर्वत्र आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठराव आणि घोषणा ही बातमी होती, ती रेडिओवरून गेली. पण ज्या मायमाऊलीचे घर जळाले, तिचा आवाज कुठून ऐकू आला? तो लाँग मार्चमधून आला, शाहिरांच्या गाण्यांतून आला, आपल्या छोट्या छोट्या नियतकालिकांतून आला.

हवेची मालकी कोणाची?

आता एक महत्त्वाची गोष्ट. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, पण निकाल साऱ्या जनतेच्या उपयोगाचा ठरला. हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपल्या महाराष्ट्राचे पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी सरकारच्या खासगी मालकीच्या नाहीत आणि भांडवलदाराच्याही नाहीत. जे चवदार तळ्याच्या पाण्याला लागू, तेच या लहरींना लागू : जे सार्वजनिक आहे, त्यावर आपलाही हक्क आहे.

१९९७ मध्ये प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि पुढे आपल्या शहरातही आली. त्यांवर गाणी आणि जाहिराती भरपूर. स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. तिसरा प्रकार आहे सामुदायिक रेडिओचा. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना अशी केंद्रे काढण्याची वाट मोकळी झाली. नोंदणी झालेली, नफा न कमावणारी आणि किमान तीन वर्षे काम केलेली संस्था त्यासाठी अर्ज करू शकते. शक्ती लहान, साधारण १०० वॅट. पल्ला काही किलोमीटरचा. पण तेवढ्यात एक तालुक्याचे गाव किंवा शहराचे चार-पाच वॉर्ड सहज येतात. आपल्या शहरात महात्मा गांधी मिशन या शिक्षणसंस्थेचे असे केंद्र आहे.

माचनूरच्या भगिनींनी करून दाखवले

हे आपल्या आवाक्यातले आहे का, अशी शंका येईल. त्यासाठी लांब जायला नको. जुन्या हैदराबाद राज्यातच, आजच्या तेलंगणात, जहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेशी जोडलेल्या दलित शेतकरी स्त्रियांनी 'संघम रेडिओ' चालवला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्टुडिओ उभारला, पण प्रक्षेपणाची परवानगी मिळेना. त्या हात बांधून बसल्या नाहीत. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून कॅसेट गावोगाव ऐकवत राहिल्या. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचे प्रक्षेपण सुरू झाले. सामाजिक संस्थेच्या हाती आलेले देशातले ते पहिले ग्रामीण सामुदायिक केंद्र. ज्वारी-बाजरीचे बियाणे, औषधी वनस्पती, बाळंतपण, जुनी गाणी हे त्यांचे विषय आणि बोली त्यांच्या रानातली. शाळा फारशी न पाहिलेल्या बाया यंत्र हाताळू लागल्या, मुलाखती घेऊ लागल्या. जी बाई पाटलाच्या वाड्यापुढे मान खाली घालून जाई, तिचा आवाज आता त्याच वाड्यात रेडिओवर ऐकू येऊ लागला.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, केंद्र काढणे ही पुढची पायरी झाली. पहिली पायरी घरातूनच सुरू होते.

आकाशवाणीवर महिलांसाठी, युवकांसाठी, शेतकरी-कामगारांसाठी कार्यक्रम असतात. त्यांना पत्रे लिहा. १४ एप्रिल, वैशाखी पौर्णिमा, ६ डिसेंबर या दिवसांसाठी विषय आणि वक्ते सुचवा, तेही महिना-दोन महिने अगोदर, कारण कार्यक्रमांची आखणी आधी होते. कार्यक्रम आवडला तर तसे कळवा. नुसती तक्रार करणाऱ्यापेक्षा नियमित ऐकून लिहिणाऱ्याच्या पत्राला वजन असते.

आपल्या भीमगीत गाणाऱ्या कलावंतांनी आकाशवाणीची स्वरचाचणी द्यावी. लोकसंगीत आणि सुगम संगीत या दोन्हींसाठी ती होते आणि पास झालेल्या कलावंताला श्रेणी मिळते. जयंतीच्या मिरवणुकीपुढे पहाटेपर्यंत गाणारा गळा तिथे कमी पडणार नाही. ज्यांचे वाचन स्पष्ट आहे अशा मुलामुलींनी नैमित्तिक उद्घोषकाच्या चाचणीवर लक्ष ठेवावे.

बोलण्याची तयारी वस्तीतल्या विहारात करता येते. रविवारच्या वंदनेनंतर एका मुलाने वा मुलीने पाच मिनिटांचे भाषण वाचून दाखवावे. पाच मिनिटांना साधारण ५०० ते ६०० शब्द पुरतात. वाक्ये लहान ठेवावीत, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते पुन्हा ऐकावे आणि चुका काढाव्यात. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, नागसेनवनात वसतिगृहात राहून शिकलेले, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत आयुष्य घातलेले आजोबा-आजी अजून वस्तीत आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवा. उद्या आपले केंद्र निघाले, तर हाच आपला खजिना असेल. ही माणसे गेली, की हा आवाज कुठल्याही यंत्रातून परत मिळणार नाही.

आपल्या शिक्षणसंस्था, कामगार संघटना आणि महिला मंडळे यांनी एकत्र बसून सामुदायिक रेडिओच्या अर्जाचा विचार करावा. नोंदणीची कागदपत्रे, हिशेब आणि तीन वर्षांचे काम नीट असेल, तर दार बंद नाही.

ज्या समाजाला शतकानुशतके ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्याला बाबासाहेबांनी बोलायला शिकवले. ती वाणी हवेत सोडण्याची जबाबदारी आता आपली आहे.

जयभीम!