बंदीच्या 61 रात्री आणि सीपॅपचं मशिन



16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्यप्रदेशात मासेमारी बंद असते. जाळी घरी येतात, नावा काठावर ओढल्या जातात आणि वर्षभर तापीच्या पाण्यावर रात्री काढणारा माणूस सलग 61 रात्री घरच्या खाटेवर झोपतो. मग घरोघरी एक तक्रार सुरू होते. वहिनी सांगतात, "यांचं घोरणं एवढं मोठं की पोरं दुसऱ्या खोलीत पळतात. आणि मधेच आवाज एकदम बंद. श्वासच नाही. मग बुडता माणूस पाण्याबाहेर तोंड काढतो ना, तसे हपापून श्वास घेतात."

मंडळी, वहिनींचं हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांपुढे हेच वाक्य सगळ्यात जास्त कामाचं असतं. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. आपल्या सभासदांपैकी काहींची तपासणी झाली, डॉक्टरांनी सीपॅप मशिन लिहून दिलं, घरच्यांनी पैसे जमवून ते आणलंही. आणि आठ-दहा रात्रींत ते कपाटावर गेलं. "जमत नाही हो, गुदमरल्यासारखं होतं." हे आम्ही बऱ्याच जणांकडून ऐकलं, म्हणून आज याच विषयावर सविस्तर लिहितो आहोत. मशिन जमतं. पण पहिला महिना नेटाने काढावा लागतो, आणि तो काढायला बंदीच्या दिवसांसारखा मोका वर्षात दुसरा नाही.

आजार काय आहे, थोडक्यात

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा थांबली, तर तो एक अटकाव धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धक्का देऊन माणसाला अर्धवट जागं करतो, वाट मोकळी होते, पुन्हा झोप, पुन्हा अटकाव. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडला किंवा अपुरा पडला तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर गंभीर. 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. अशी रात्र काढलेला माणूस सकाळी ताजा कसा उठेल? त्याचं डोकं दुखतं, चिडचिड होते, दिवसा डुलक्या येतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर ब्लडप्रेशर, हृदयाचे ठोके बिघडणं आणि लकवा यांचा धोका वाढतो.

हा फक्त शहरातल्या जाड माणसांचा आजार आहे, असंही समजू नका. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. ती 2004 साली प्रसिद्ध झाली. त्यात 19.5 टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचा त्रास निघाला, आणि दिवसा झोप येण्यासह पूर्ण आजार 7.5 टक्क्यांना. ही माणसं नेहमीच्या तपासणीला आलेली होती, आजारी म्हणून नव्हे. वजन वाढलं की धोका वाढतो हे खरं, पण आखूड मान, मागे असलेला जबडा, मोठे टॉन्सिल यामुळे सडपातळ माणसालाही हा आजार होतो. बायकांनाही होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. लाजेपायी त्या सांगत नाहीत, एवढंच. संगीतकार बप्पी लाहिरी 2022 च्या फेब्रुवारीत मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हाच आजार होता.

तपासणीसाठी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटा. आपल्याकडची मंडळी मोठ्या तपासणीला इंदूर किंवा जळगाव गाठतात. बऱ्याच जणांना घरीच एक रात्र छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी बारीक नळी लावून तपासणी करता येते.

मशिन करतं काय?

सीपॅप हे ऑक्सिजनचं मशिन नाही. खोलीतलीच हवा ते थोड्या दाबाने मास्कमधून आत सोडतं. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. बस, एवढंच काम.

दाब किती? तो पाण्याच्या उंचीत मोजतात, म्हणून आपल्याला लगेच कळेल. बहुतेक मशिनचा दाब 4 ते 20 सेंटीमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे जास्तीत जास्त एक वीत पाणी. अडकलेलं जाळं सोडवायला पुरुषभर खोल बुडी मारणाऱ्याने एक वीत पाण्याच्या दाबाला काय घाबरायचं! भीती दाबाची नसते. तोंडावर काहीतरी बांधलंय, याची असते. ती सवयीने जाते.

हे मशिन ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी काढलं आणि 1981 साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात पाच रुग्णांचा अनुभव छापला. त्याआधी गंभीर रुग्णाला खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवणं. तेवढं आठवलं तरी मास्क हलका वाटेल.

पहिला महिना असा काढा

पहिले तीन-चार दिवस रात्रीची वाट पाहू नका. दिवसा, टीव्ही बघताना किंवा जाळं विणायला बसलात की मास्क नुसता तोंडाला धरा. मग पट्टे लावा. मग मशिन चालू करून अर्धा तास बसा. तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्या. मेंदूला कळू द्या की इथे कुणी गुदमरवत नाही.

त्यानंतर रात्री लावा. दोन तास टिकलं तरी पुष्कळ. झोपमोड होऊन काढलात, तर थोड्या वेळाने पुन्हा लावा. निदान चार तास रोज, हा पहिला टप्पा. पूर्ण झोपभर, हा खरा मुक्काम. दुपारी आडवं होतानाही लावा. श्वास दिवसाच्या झोपेतही अडतो.

नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय:

हवा एकदम जोरात वाटते: मशिनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. दाब कमी सुरू होतो आणि हळूहळू चढतो. विक्रेत्याकडून ती लावून घ्या. दाब मात्र स्वतः कमी-जास्त करू नका, ते डॉक्टरांचं काम.

मास्कमधून हवा फुसफुसते, डोळ्यांत जाते: पट्टे आवळत सुटू नका, नाकावर जखम होते. मशिन चालू ठेवून, आडवं पडून मास्क बसवा, कारण झोपल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. दाढी-मिशीतूनही हवा गळते. मिशी उतरवायची नसेल तर नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क मिळतो, तो मागा.

सकाळी तोंड कोरडं: झोपेत तोंड उघडं राहतं आणि हवा तिथून निघून जाते. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागेल.

नाक कोरडं किंवा चोंदलेलं: मशिनला पाण्याची डबी असते, तिने हवा ओलसर होते. सर्दीत झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब घाला.

नळीत पाणी गुडगुडतं: पावसाळ्यात हे होणारच. ओलाव्याचं बटण कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या, आणि मशिन खाटेच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी तोंडाकडे येणार नाही.

पोट फुगतं: हवा गिळली जाते. कुशीवर झोपून पाहा, थांबलं नाही तर डॉक्टरांना सांगा.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. संध्याकाळी घ्यायची सवय असेल तर ती सोडा. दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

पाणी, धुणं आणि वीज

डबीत डिस्टिल्ड पाणीच घाला. आपल्या बुऱ्हाणपूरचं जमिनीतलं पाणी किती जड आहे, ते कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवर साठलेल्या चुन्याने सगळ्यांना दाखवलंच आहे. तोच चुना डबीत बसतो. डिस्टिल्ड पाणी संपलं तर त्या रात्री डबी कोरडी ठेवून मशिन चालवा, पण बोअरचं किंवा नदीचं पाणी घालू नका. उरलेलं पाणी रोज सकाळी ओता.

मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, म्हणजे चेहऱ्याचं तेल निघतं आणि हवा गळत नाही. नळी आणि डबी आठवड्यातून एकदा धुवा. वाळवणं सावलीत. डेटॉल, ब्लीच, अत्तर काही नको. मागच्या बाजूची जाळी धुळीने भरली की वेळेवर बदला.

वीज गेली की मशिन बंद, मग मास्क काढून कुशीवर झोपा. वारंवार जात असेल तर बॅटरीची सोय करता येते. काही मशिन 12 व्होल्टवर चालतात, काही 24 वर, म्हणून नावेची बॅटरी थेट जोडू नका. त्या कंपनीचा डीसी अडॅप्टर घ्या. पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर बॅटरी पुष्कळ जास्त टिकते. रेल्वेने जाताना मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर भिस्त ठेवू नका.

जुनं मशिन स्वस्तात मिळतंय म्हणून घाई नको. जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे जगभरातली लाखो मशिन परत बोलावली होती. मॉडेल आणि नंबर तपासल्याशिवाय जुनं मशिन घेऊ नका. काही विक्रेते महिनाभर भाड्याने देतात. आधी तसं वापरून पाहा, जमलं की विकत घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर तपासणीआधीच दवाखान्यातल्या खिडकीवर विचारून घ्या.

बंदी उठली की

16 ऑगस्टला नावा पुन्हा पाण्यात उतरतील. खरी परीक्षा तेव्हाच. रात्री जाळी टाकून पहाटे उचलायची आणि त्यावर बाजार गाठायचा, यात झोपेचे तुकडे होतात. मशिन नावेत नेऊ नका, ओल आणि वाळूने बिघडेल. पण घरी येऊन सकाळी झोपाल, तेव्हा लावा. मशिनला दिवस-रात्र कळत नाही. एक-दोन रात्री सोडल्या तरी घोरणं आणि डुलक्या परत येतात, हे ध्यानात ठेवा. "मशिनची सवय लागली" असं कुणी म्हणालं तर त्याला चष्म्याचं उदाहरण द्या. चष्मा काढला की अक्षर पुन्हा पुसट दिसतं, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. वजन उतरलं किंवा दुसरा उपाय लागू पडला तर काहींची मशिन सुटतेही. पण ते पुन्हा तपासणी करून डॉक्टर ठरवतील.

मशिन रोजचा हिशोब ठेवतं: किती तास लावलं, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला. महिन्याने ते कार्ड किंवा मोबाइलमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. अटकाव तासाला 5 च्या खाली आले की उपचार लागू पडतोय.

बोटमालकांना विनंती

तुमच्या नावेवरचा माणूस वल्हं हातात धरून पेंगतो, पहाटे मोटारसायकलवर माल नेताना डोळे मिटतो, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याच्या घरी विचारा, रात्री घोरतो का, श्वास अडकतो का. हतनूरच्या फुगवट्यात किंवा नदीच्या डोहात एकट्याने डुलकी लागली तर हाक ऐकायला कुणी नसतं. अशा माणसाला उपचार लागू पडेपर्यंत एकट्याने रात्री पाठवू नका. जोडीला कुणीतरी द्या. तपासणीसाठी एक दिवसाची सुट्टी दिलीत, तर तो माणूस तुमच्या नावेवर आणखी बरीच वर्षं टिकेल.

आणि वहिनी, ताई, काकूंनो, तुम्हाला खास सांगणं. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. श्वास थांबताना मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मशिन आलं की पहिल्या महिन्यात मास्क बसवायला मदत करा, मुलांना हसू देऊ नका.

कुणाचं मशिन कपाटावर पडलं असेल तर ते आजच खाली काढा, पुसा, आणि विक्रेत्याला फोन करून मास्क तपासून घ्या. बंदीच्या जेवढ्या रात्री उरल्या असतील, तेवढ्या कामी लावा. ज्यांना जमलं, त्यांनी कसं जमवलं ते खाली लिहा. नव्या माणसाला डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकाच आपल्या माणसाच्या शब्दाचाही आधार वाटतो.

तापी माईची कृपा सगळ्यांवर राहो.