दोन किल्ल्यांची खोली

जुन्या बँकेची इमारत पाहताना नजर आधी कमानीकडे आणि खांबांकडे जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ही सवय सोडावी लागते. इथे बँक उशिरा आली. तिच्याआधी कित्येक दशके सरकारी पैसा तहसील कचेरीतल्या खजिन्यात, एका बिनखिडकीच्या खोलीत राहत होता. छोट्या गावातल्या बँकेचे वास्तुशास्त्र त्या खोलीपासूनच वाचायला हवे. मूल हे चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातले जुने तहसीलीचे ठाणे. १८९५ मध्ये तहसीलीचे मुख्यालय चांद्याला हलले. आज मूल पुन्हा तालुका आहे. पण तेव्हा कचेरीबरोबर दप्तर गेले, कारकून गेले आणि खजिनाही गेला. सरकारी तिजोरी सुमारे ४५ किलोमीटरवर गेली. धानपिकाच्या मुलखात सारा भरायचा तर हे अंतर लहान नव्हते.

अंतर जाणवण्याचे कारण साधे होते: पैसा जड होता. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. त्या हिशेबाने लाख रुपये ११६६ किलो भरतात. एवढे वजन कपाटात मावत नाही. त्याला पक्की फरशी, जाड भिंत आणि पहारा लागतो. म्हणून अशी खोली शक्यतो इमारतीच्या पोटात घेत, झरोके उंचावर ठेवून त्यांना गज लावत, आणि दार पहारेकऱ्याच्या नजरेत राहील असे काढत. पण सगळ्यात चिवट गोष्ट दाराची. त्याला दोन कुलपे, दोन वेगळ्या किल्ल्या. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. खजिन्याच्या भाषेत हे ‘डबल लॉक’. रोजच्या व्यवहाराची रक्कम खजिनदाराच्या एकट्याच्या ताब्यात, ‘सिंगल लॉक’मध्ये, मोठी शिल्लक आणि मुद्रांक मात्र डबल लॉकमध्ये. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. प्रामाणिक माणूस शोधत बसण्याऐवजी कोणालाच एकटे सोडायचे नाही, हा विचार त्या लोखंडात आहे. मला तो दर्शनी कमानीपेक्षा देखणा वाटतो.

याला उलट उदाहरण देता येईल. अमेरिकेतल्या ओवाटोना या शेतीच्या गावात लुई सुलिव्हनने १९०८ मध्ये बँक बांधली: लालसर विटांचा चौकोनी ठोकळा, प्रचंड कमानींत रंगीत काच, आत गाईगुरांची भित्तिचित्रे. कुलूप न दाखवता शेतकऱ्याला बँक आपली वाटावी, हा तिचा डाव. तो साधलाही, इमारत आजही लोक पाहायला जातात. बँक मात्र १९२६ मध्ये बुडाली. चोरी झाली नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले होते आणि शेतीची कर्जे थकली होती. हा दाखला माझ्या खोलीलाही लागू पडतो हे कबूल. दोन किल्ल्या बुडीत कर्ज अडवत नाहीत, आणि दोन्ही किल्लीवाले एक झाले तर चोरीही अडवत नाहीत. म्हणून तर शिल्लक मोजण्याचा नियम कुलपाच्या जोडीला आला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा भाड्याच्या गाळ्यांत शटरमागे उघडल्या, त्यात कसले वास्तुशास्त्र? दर्शनी भागात काहीच नाही, हे खरे. पण आतली स्ट्राँगरूम तीच, आणि व्यवस्थापक व रोखपाल यांच्या वेगवेगळ्या किल्ल्याही त्याच. लॉकर उघडताना एक किल्ली ग्राहकाची, एक बँकेची; म्हणजे जुन्या डबल लॉकला सामान्य माणसाचा हात पहिल्यांदा इथे लागला. सगळी इमारत आटून दारापुरती उरली आहे, एवढेच.

अडचण या खोल्यांच्या पुढच्या आयुष्याची आहे. चलन आता ऑनलाइन भरले जाते. कचेरी नव्या प्रशासकीय इमारतीत गेली की जुनी निर्लेखनाच्या यादीत येते. तिच्या इतर खोल्यांचे काहीही होऊ शकते, खजिन्याचे नाही. उजेड नाही, वारा नाही, भिंती फोडणे महाग. कधी रद्दी, कधी फायली, निवडणुकीत मतदानयंत्रे, आणि गंमत अशी की यंत्रांच्या खोलीलाही दोन कुलपे लागतात. वारसा म्हणून या खोल्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, कारण त्या दिसू नयेत म्हणूनच बांधलेल्या. जपणे शक्य नसेल तिथे पाडण्याआधी निदान भिंतीची जाडी, झरोक्याची उंची आणि दाराची दोन कुलपे मोजून, चित्र काढून ठेवावीत. त्याला एक टेप, एक ओव्हरसीअर आणि दोन दिवस पुरतात.