थंडी सोसलेले बी

अमेरिकेतील इलिनॉय राज्याला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. प्रेअरी म्हणजे पुरुषभर उंचीचे गवत आणि रानफुलांनी भरलेला अफाट माळ. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने तिथे पोलादी नांगर बनवला. काळी चिकट माती त्याला धरून राहत नसे. त्यामुळे माळ भराभर शेतीखाली आला. आज त्या राज्यात मूळ माळाचा हजारावा हिस्साही उरलेला नाही.

गेलेला माळ परत आणता येईल का? १९३५ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन शहरात पडीक शेतावर हा प्रयोग सुरू केला. ती ‘कर्टिस प्रेअरी’ आजही फुलते. आता अनेक कुटुंबे अंगणातही ही फुले बियांपासून वाढवतात. शिकागोकडे कोणाची मुले राहत असतील, तर त्यांनाही हे जमेल.

मात्र झेंडूसारखे हे बी टाकले की उगवत नाही. ते पिकते हिवाळ्याच्या तोंडावर. तेव्हाच अंकुर फुटला तर रोप बर्फात मरेल. म्हणून काही आठवडे ओल आणि थंडी सोसल्याशिवाय बी जागेच होत नाही. अल्लाह तआलाने केवढी सोय करून ठेवली आहे!

मार्ग दोन. नोव्हेंबरमध्ये गवत काढलेल्या मोकळ्या मातीवर बी पेरावे, पुढचे काम बर्फ करतो. नाहीतर ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घालावे आणि महिना-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवावे, फ्रीझरमध्ये नव्हे. शेंगवर्गातील बियांचे कवच टणक असते, ते पॉलिश पेपरवर हलके घासावे. बारीक बी पुरू नये, नुसते दाबावे. त्याला उजेड लागतो.

पहिल्या वर्षी चार पानेच दिसतात, कारण सारी ताकद मुळांकडे जाते. तण उपटू नये, वीतभर उंचीवर छाटावे. फुले बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात. बी वाया गेले असे समजून पुष्कळजण पहिल्याच वर्षी वाफा खणून टाकतात. खरा सब्र इथेच लागतो.

यातले मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातले. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त त्याचीच पाने खातात. मिल्कवीड कमी झाले तशी फुलपाखरेही घटली.

मोमिनाने लावलेल्या रोपातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. मिल्कवीड पेरणाऱ्याच्या ताटात काहीच येत नाही. अळ्यांनी कुरतडलेली पाने हेच त्याचे पीक.