‘अपूर्ण’ ठरलेला दुसरा

नरडाणा परिसरात पोलीस भरतीची पोरे पहाटे रस्त्यावर धावतात. 1600 मीटरला 20 गुण. सेकंद वाढले की गुण गेले. या पोरांना ‘बॅकयार्ड अल्ट्रा’ शर्यतीचा कायदा सांगितला पाहिजे. अमेरिकेतील टेनेसीत गॅरी कँट्रेल यांनी तो केला.

दर तासाला 6.7 किलोमीटरची एक फेरी. चाळीस मिनिटांत परतलात तर वीस मिनिटे विसावा, आघाडी मात्र शून्य! घंटा झाली की सारे पुन्हा एकाच रेषेवर. 24 तास टिकलात तर 100 मैल. शेवटी एकच विजेता; बाकी सर्वांपुढे शेरा ‘अपूर्ण’.

वकील म्हणून मला यातले एक कलम मोलाचे वाटते. विजेत्याला दुसऱ्यापेक्षा एकच फेरी जास्त धावता येते. 2020 साली टेनेसीत कोर्टनी डॉवाल्टर या महिलेने 68 फेऱ्या मारून पुरुषांनाही हरवले. हार्वी लुईस 67 फेऱ्यांपर्यंत टिकला म्हणूनच त्या 68 झाल्या. तरी कागदोपत्री तो ‘अपूर्ण’च! पुढे 2023 मध्ये तोच 108 फेऱ्यांनी जिंकला.

रेषा समान, हे खरेच. पण त्या वीस मिनिटांत तंबूत गरम जेवण घेऊन कोण बसले आहे, हे कोणत्या नियमात येते? आपला पोरगा धावून आला की उपाशीपोटी मजुरीला जातो.