ब्रँडनची धुळवड

इंग्लंडच्या क्रीडाजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी क्रिकेटला त्यात मानाचे पान दिले, फुटबॉलला त्याहून मोठे दिले, घोड्यांच्या शर्यतींना तर राजाश्रयाचेच वलय होते. परंतु महायुद्धानंतरच्या पाच-सात वर्षांत, शिधापत्रिका हातात घेऊन रांगांत उभे राहून शिणलेल्या या राष्ट्राला ज्या खेळाने आठवड्यातून एक रात्र आपल्या सगळ्या विवंचनांचा विसर पाडला, त्या स्पीडवेची बोळवण त्यांनी बहुधा एखाद्या तळटीपेतच केलेली दिसते. मी या खेळाचा खेळाडू कधीच नव्हतो, सायकलीपलीकडे दुचाकी म्हणून मी चालविलेली नाही. पण प्रेक्षक म्हणून कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडनच्या मैदानाशी माझा जो संबंध जडला तो जवळजवळ अर्धशतक टिकला, आणि तेवढ्या वहिवाटीच्या आधारावर दोन शब्द बोलण्याचा हक्क मला पोहोचतो, अशी माझी समजूत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याचा जाबता आधी सांगून टाकतो. तीनएकशे मीटरांची लंबवर्तुळाकार धावपट्टी, तिच्यावर लालसर, भुसभुशीत खडीचा थर, त्यावर चार स्वार आणि चार फेऱ्या. सुरुवातीच्या फिती वर उडाल्यापासून साधारण मिनिटाभरात निकाल, पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, चौथ्यास काही नाही. यंत्र 500 सीसीचे, एका सिलिंडरचे, मेथॅनॉलवर चालणारे, जेमतेम 77 किलो वजनाचे. त्याला गिअर एकच, आणि ब्रेक मुळीच नाही. सरळ भागावर ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढे गेलेला स्वार वळणाशी येतो तेव्हा तो वेग आवरीत नाही, उलट मूठ पिळलेलीच ठेवतो. मागचे चाक गरगरत बाहेर फेकले जाते, सारे यंत्र आडवे होते, वळण डावीकडचे असताना पुढचे चाक मात्र उजवीकडे पाहत असते, आणि पोलादी तळ बसविलेला डावा बूट जमिनीवर घासत स्वार त्या आडव्या घसरणीवरच आपला तोल आणि आपली दिशा दोन्ही सांभाळतो. अशा अवस्थेत चौघे जण एकमेकांच्या कोपराला कोपर लावून पहिल्या वळणात शिरतात, आणि त्यांच्या चाकांनी उधळलेली खडी कुंपणावरून प्रेक्षकांच्या अंगावर येते. शनिवारी रात्री माझा कोट झटकताना आमच्या सौभाग्यवती जे उद्गार काढीत, ते येथे उद्धृत करण्याचे प्रयोजन नाही.

या खेळाचे मूळ ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे 1923 साली जॉनी हॉस्किन्स नावाच्या खटपट्या न्यूझीलंडकराने जत्रेच्या मैदानावर मोटारसायकली पळविल्या, तेथून हा प्रकार जगभर गेला असे मानण्याचा प्रघात आहे. 1928 च्या फेब्रुवारीत लंडनलगतच्या एपिंग अरण्यात, हाय बीच येथे, शर्यती झाल्या तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट माणसे लोटली. 1936 मध्ये वेम्ब्लीला पहिले जगज्जेतेपद लायोनेल व्हॅन प्राग या ऑस्ट्रेलियनाने मिळविले. 1949 मध्ये टॉमी प्राइस हा पहिला इंग्रज जगज्जेता झाला तेव्हा त्याच वेम्ब्लीत नव्वद हजारांच्या वर प्रेक्षक होते. मग सरकारची नजर गल्ल्याकडे वळली. 48 टक्क्यांचा करमणूक-कर या खेळाच्या बोकांडी बसला. दूरदर्शन घरोघर आले. आणि कर रद्द होईपर्यंत, म्हणजे 1957 पर्यंत, अर्ध्याहून अधिक रयत परागंदा झाली होती. त्याच वर्षी वेम्ब्ली मैदानाचे सर्वेसर्वा सर आर्थर एल्विन वारले आणि वेम्ब्लीचा संघही मोडला. 1965 मध्ये उरल्यासुरल्या मंडळींनी एकत्र येऊन ब्रिटिश लीग स्थापन केली नसती, तर मला सांगावयास काही उरलेच नसते.

मी कॉव्हेंट्रीस आलो तो 1968 च्या वसंतात, एका मोटार-कारखान्याच्या आरेखन विभागात नोकरीस, आणि योगायोग असा की ब्रिटिश लीगचे विजेतेपद कॉव्हेंट्रीने पहिल्यांदा मिळविले तेही त्याच वर्षी. टूलरूममधले एक वृद्ध सहकारी मला ब्रँडनला घेऊन गेले. मैदानात पाऊल टाकताच जो वास आला त्याने मी जागीच थबकलो, कारण तो ओळखीचा होता: लहानपणी दर सुटीत आजी नाक दाबून जे एरंडेल माझ्या घशाखाली उतरवी, त्याच एरंडेलाचा तो धूर होता. या इंजिनांना त्या काळी एरंडीच्या तेलाचेच वंगण लागे. पुण्याच्या वाड्यात ज्याच्या नावाने पोटात गोळा येत असे, त्या पदार्थाच्या वासासाठी पुढे मी आठवडाभर शनिवारची वाट पाहू लागलो. दैवाचे विनोद असे असतात.

ब्रँडनचे व्यवस्थापक चार्ल्स ऑकिल्ट्री हे फार करडे गृहस्थ होते. 1948 मध्ये मैदान पुन्हा सुरू झाले तेव्हापासून त्यांनी तेथे असा शिरस्ता बसविला होता की, मिरवणुकीत स्वाराचे चामडी कपडे मळके दिसता कामा नयेत आणि शर्यत ठरल्या मिनिटाला सुटलीच पाहिजे. दोन शर्यतींच्या मध्ये दाताळी घेतलेले सेवक विस्कटलेली खडी पुन्हा सारखी करीत, ट्रॅक्टर फिरे, प्रेक्षक तेवढ्यात आपापल्या कार्यक्रमपत्रिकेत पेन्सिलीने गुण मांडीत. ही पेन्सिल म्हणजे या खेळाची जानवी-मुंजच होय. माझ्या त्या सहकाऱ्यांनी पहिल्याच रात्री मला बजावले की, पत्रिकेचा एक रकाना जरी रिकामा राहिला तरी त्या रात्री तू आलाच नव्हतास असे समजण्यात येईल. कॉव्हेंट्रीचा कर्णधार नायजेल बोकॉक सर्वांच्या काळ्या पोशाखांत एकटाच निळ्या चामडी पोशाखात वावरे; लहान चणीचा, हट्टी, आतल्या बाजूने घुसणारा. जगज्जेतेपद त्याच्या वाट्याला आले नाही. पण ब्रँडनच्या लोकांनी त्याच्यावर केलेली माया मी कितीतरी जगज्जेत्यांच्या वाट्याला आलेली पाहिली नाही.

आणखी एका गोष्टीने मला चकित केले. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर डुगडुगत जाणारी जावा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे, म्हैसूरच्या कारखान्यातून ती देशभर पसरली. त्याच जावाच्या नावाची, चेकोस्लोव्हाकियातील दिविशोव्ह गावी बनलेली शर्यतीची यंत्रे तेव्हा साऱ्या जगाच्या धावपट्ट्यांवर अधिराज्य गाजवीत होती. तिच्या आधीचे जॅप इंजिन टॉटनहॅमचे, म्हणजे अस्सल लंडनचे. त्याची मक्तेदारी या परदेशी पाहुणीने मोडली. पुढे इंग्रजांनी वेस्लेक काढले, नंतर इटलीचे जीएम आले. तो सगळा यंत्रांचा वंशवृक्ष सांगत बसत नाही.

माझ्या मते या खेळातला सर्वश्रेष्ठ पुरुष न्यूझीलंडचा आयव्हन मॉजर. सहा वेळा जगज्जेता, त्यांपैकी 1968 ते 1970 ही सलग तीन वर्षे. ओव्ह फुंदिन अधिक दिलखेचक होता असे जुने लोक सांगत, आणि पीटर क्रेव्हनचे नाव निघाले की त्यांचे डोळे पाणावत. पण मॉजरने हिशेबी डोक्याने शर्यत जिंकण्याचे जे शास्त्र निर्माण केले, ते पुढच्या सर्वांनी निमूटपणे गिरविले. आमच्या ब्रँडनला मात्र 1976 मध्ये डेन्मार्कचा ओले ओल्सन आला, आणि 1978 व 1979 अशी दोन वर्षे लीग आमची झाली. 1981 च्या सप्टेंबरात वेम्ब्लीला अखेरचा जागतिक सामना झाला, तेव्हा ओल्सन आणि आमचाच तरुण टॉमी नुडसन या दोघांनाही क्रॅडली हीथच्या ब्रूस पेनहॉल या अमेरिकनाने वेगवेगळ्या शर्यतींत अखेरच्या क्षणी, रेषेवर, वीतभर अंतराने मागे टाकले. दोघांचे बारा-बारा गुण, त्याचे चौदा. त्या रात्री मी दुखावला गेलो. आज मात्र निःसंकोचपणे म्हणतो की, त्यांहून सुंदर शर्यती मी पाहिल्या नाहीत.

तो एकरात्रीचा सामना आता राहिला नाही. सोळा स्वार, वीस शर्यती, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ, आणि मध्यरात्रीपूर्वी जगज्जेता ठरलेला, ही जुनी पद्धत 1995 मध्ये मोडून वर्षभर देशोदेशी हिंडणारी ग्रां प्री मालिका सुरू झाली. मालिका अधिक न्याय्य आहे हे मी मान्य करतो. एका रात्रीत कोणाचे इंजिन फुटते, कोणाला आपल्या गावचे मैदान मिळते; 1983 मध्ये जर्मनीतील नॉर्डनला जर्मन एगॉन म्यूलर जिंकला तो घरच्या मातीवर. पण खेळ म्हणजे न्यायकचेरी नव्हे, आणि वर्षभराची बेरीज करून काढलेला निकाल लोकांना कळविला जातो, त्यांना तो अनुभवता येत नाही.

ब्रिटिश लीगच्या कारभाऱ्यांनी केलेल्या फेरफारांविषयी बोलावयाचे तर माझा संयम सुटतो. विजेत्या संघाने पुढच्या वर्षी गुणांच्या मर्यादेपायी आपलेच स्वार सोडून द्यावेत, आणि जखमी स्वाराच्या जागी प्रतिस्पर्धी क्लबचा माणूस एका रात्रीपुरता उसना आणावा, ही तरतूद ज्या डोक्यातून निघाली त्याने प्रेक्षकांच्या निष्ठेचा विचारच केलेला नसावा. गेल्या आठवड्यात ज्याची हुर्यो केली, तोच आज आमच्या संघाची निशाणी, ती मधमाशी, छातीवर लावून येतो! आम्ही टाळ्या वाजवीत असू, पण हात जड होत.

जिवाचा धोका या खेळात नेहमीच होता. 1972 च्या वेम्ब्लीच्या सामन्यात बॅरी ब्रिग्जने बोट गमावले; 1989 मध्ये ब्रॅडफर्डला एरिक गुंडरसन पहिल्याच शर्यतीत पडला आणि पुन्हा चालू लागण्यासाठी त्याला झुंजावे लागले. तरीही हा खेळ धोक्याने मारला नाही, प्रेक्षकांनीही नाही. त्याला मारले जमिनीच्या भावाने. बहुतेक क्लब मैदानाचे मालक नव्हते, भाडेकरू होते. शहरे वाढली, मैदानाच्या एकरांना घरबांधणीची किंमत आली, भाडेपट्टा संपला की ताबा गेला. आपल्याकडच्या कुळांना निदान कूळकायद्याचा आधार मिळाला, यांच्या पाठीशी कोणताच कायदा उभा राहिला नाही. लेस्टरचे ब्लॅकबर्ड रोड 1983 मध्ये गेले, क्रॅडलीचे डडली वुड 1995 मध्ये, एक्सिटरचे काउंटी ग्राउंड 2005 मध्ये. ब्रँडनला 2016 च्या हंगामानंतर कुलूप लागले, आणि 2023 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन व पीटरबरो दोन्ही बंद झाली. ब्रँडनच्या ओसाड प्रेक्षागारांची पुढे नासधूस झाली, आगी लागल्या. तेथे घरे बांधण्याची परवानगी नगरपरिषदेने नाकारली खरी, पण नाकारलेल्या परवानगीवर शर्यती धावत नाहीत.

खेळाची राजधानी आता पोलंडात आहे. तोरुन, लेश्नो, व्रोत्स्वाफ अशा शहरांत स्पीडवे हा नागरी अभिमानाचा विषय असून तेथील नगरपालिका मैदानांवर पैसा खर्च करतात. बार्तोश झ्मार्झलिकने मॉजरच्या सहा जेतेपदांशी बरोबरी केली ती याच भूमीतून येऊन. इंग्लंडात आशेची जागा म्हणून मँचेस्टरचे बेल व्ह्यू दाखविता येईल. 2016 मध्ये तेथे खास याच खेळासाठी नवे मैदान उभे राहिले. कोणी वाचक मार्च ते ऑक्टोबरच्या दरम्यान त्या बाजूस गेलाच, तर एक संध्याकाळ तेथे अवश्य काढावी: पहिल्या वळणाशी उभे राहावे, पेन्सिल घरून न्यावी, आणि पांढरा सदरा घालून जाऊ नये.